नवा हेडफोन रुळतो की आपला कान?

नवी कोल्हापुरी चप्पल पहिले काही दिवस चावते आणि मग पायात रुळते. चामडे खरोखरच सैल होते, हे कोणाला पटवून द्यावे लागत नाही. नव्या हेडफोनविषयीही असाच दावा केला जातो. खोक्यातून काढल्यावर त्याचा आवाज कोरडा किंवा कर्कश वाटला, तर धीर धरावा. शंभर-दोनशे तास तो वाजत ठेवावा, म्हणजे ‘मोकळा’ होतो, असे सांगितले जाते. या प्रक्रियेला ‘ब्रेक-इन’ किंवा ‘बर्न-इन’ म्हणतात. त्यासाठी काही जण धबधब्यासारखा सलग आवाज रात्रभर लावून ठेवतात. हा वाद केवळ हौशी मंडळींपुरता नाही. त्यात आपले पैसेही गुंतलेले असतात.

या दाव्याच्या मुळाशी एक तथ्य आहे. मोठ्या लाउडस्पीकरचा शंकू रबरी कडेने आणि मागच्या बाजूस कडक कापडाच्या वळ्यांनी तोलून धरलेला असतो. खर्जातील स्वर काढताना तो काही मिलिमीटर पुढेमागे होतो. सुरुवातीच्या वापराने हे भाग किंचित लवचीक होतात आणि शंकूची नैसर्गिक कंपनसंख्या थोडी खाली येते. हा बदल मोजता येतो.

हेडफोनची रचना मात्र निराळी असते. नेहमीच्या हेडफोनमध्ये अत्यंत पातळ प्लास्टिकचा पडदा असतो आणि त्याला जोडलेले तारेचे वेटोळे चुंबकाच्या क्षेत्रात हलते. कान अगदी जवळ असल्याने या पडद्याला फारच थोडी हालचाल करावी लागते. साहजिकच सैल होण्यासारखेही थोडेच असते. अमेरिकी परीक्षक टिल हर्ट्सेन्स यांनी एकेजी कंपनीचा क्यू ७०१ हा हेडफोन दीर्घकाळ वाजवत ठेवून त्याची मापने घेतली. त्यांना बदल आढळले, पण ते अत्यंत सूक्ष्म होते. हेडफोन कानावर जरासा सरकला, तरी त्याहून मोठा फरक पडू शकतो.

मग अनेकांना जाणवणारा फरक खोटा असतो का? तसे नाही; त्याची कारणे अन्यत्र आहेत. पहिले कारण कानावरच्या गाद्या. वापराने त्या मऊ होतात, डोक्याच्या आकारानुसार बसतात आणि फट कमी झाली की खर्ज भरीव होतो. दुसरे कारण आपला मेंदू. परिचयाने आवड वाढते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये प्रयोगांनी दाखवले होते. शिवाय ध्वनीच्या बारकाव्यांची स्मृती काही सेकंदच टिकते. आजचा आवाज तीन आठवड्यांपूर्वीच्या आवाजाशी ताडून पाहणे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बदल निव्वळ यांत्रिक असता, तर काही हेडफोन वापराने बिघडल्याचेही तितक्याच वेळा ऐकू आले असते. प्रत्यक्षात आवाज सुधारल्याचेच सांगितले जाते. म्हणजे बहुतांशी रुळतो तो कान.

येथे पैशांचा प्रश्न येतो. ब्रिटनमध्ये २०१३ च्या ग्राहक करार नियमांनुसार ऑनलाइन घेतलेली वस्तू मिळाल्यापासून १४ दिवसांत खरेदी रद्द करता येते. कामावर जाता-येता रोज दोन तास ऐकणाऱ्याचे या मुदतीत जेमतेम २८ तास होतात. दोनशे तासांना त्याला शंभर दिवस लागतील. तोवर परतीचे दार केव्हाच बंद झालेले असते. दुकानात जेवढे हाताळून पाहता येते, त्याहून अधिक वापरामुळे वस्तूची किंमत घटली, तर विक्रेता तेवढी रक्कम कापून घेऊ शकतो. आरोग्याच्या कारणास्तव सीलबंद दिलेल्या इन-इअर हेडफोनचे सील फोडल्यावर हा हक्क राहीलच असे नाही. दुकानात जाऊन घेतलेली वस्तू केवळ आवडली नाही म्हणून परत करण्याचा कायदेशीर हक्कही नाही. आवाजात खरखर किंवा एका बाजूस मंदपणा असेल, तर तो दोष समजावा. सदोष वस्तू नाकारून पूर्ण रक्कम परत मागण्यासाठी २०१५ च्या कायद्याने ३० दिवस दिले आहेत. ते ‘रुळण्या’ची वाट पाहण्यात घालवू नयेत.

म्हणून निर्णय पहिल्या काही तासांतच घ्यावा. ज्या ध्वनिमुद्रणाचा कण न् कण परिचित आहे, तेच लावावे. तंबोऱ्याची जवारी स्वच्छ उमटते का, डग्ग्याचा घुमार भरीव पण आटोपशीर आहे का, गायकाचा श्वास ऐकू येतो का, हे पाहावे. चष्म्याच्या काड्यांमुळे गाद्यांखाली फट राहते. चष्मा काढून आणि घालूनही ऐकावे. जुन्या हेडफोनशी तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखाच ठेवावा, कारण किंचित मोठा आवाज नेहमीच सरस वाटतो.

आवाज मोकळा व्हावा म्हणून तो वाढवून ऐकणे मात्र टाळावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलची सुरक्षित मर्यादा आठवड्याला ४० तास आहे. पुढे दर ३ डेसिबलमागे ती निम्मी होते. हेडफोन बदलून मिळतो, कान मिळत नाही.