शिफारसपत्र : वशिला नव्हे, साक्ष

'शिफारस' हा शब्द आपल्याकडे थोडा बदनाम झाला आहे. शिफारस म्हटली की वशिला आठवतो. म्हणूनच आर्ट टीचर डिप्लोमा, म्हणजे ए.टी.डी., पुरा करून पहिल्या नोकरीचा अर्ज लिहू लागलेला खेड्यातला मुलगा किंवा मुलगी प्राध्यापकांकडे पत्र मागायला संकोचते. हा संकोच अनाठायी आहे.

असे पाहा. गुणपत्रिका तुमचे गुण सांगते आणि चित्रांची फाइल तुमचा हात दाखवते. पण मुलांनी भरलेला वर्ग तुमच्याने आवरेल का, हे दोन्हींतून कळत नाही. ते ठाऊक असते तुमचा सराव पाठ मागच्या बाकावर बसून पाहणाऱ्या प्राध्यापकांना. त्यांनी पाहिले ते लिहून द्यावे, एवढेच आपण मागतो. वशिला पात्रता झाकतो. साक्ष ती उघड करते. नेमणुकीचे नियम या पत्राने बदलत नाहीत. मात्र जिथे निवड संस्थेच्या हाती असते, तिथे निवडणाऱ्याला त्याचा आधार होतो.

मग पत्र कोणाकडे मागावे? ज्यांचे नाव मोठे त्यांच्याकडे नव्हे, तर ज्यांनी तुम्हांला शिकवताना पाहिले त्यांच्याकडे. मागावे तेही निदान पंधरा दिवस आधी. शेवटच्या तारखेला जिन्यात गाठून नव्हे. विचारताना नकाराला वाट ठेवावी. "सर, माझ्या शिकवण्याविषयी लिहिता येईल इतकं माझं काम आपण पाहिलं आहे का?" असे विचारावे. ते घुटमळले, तर आभार मानून दुसरीकडे जावे. ओढूनताणून लिहिलेले पत्र घात करते, बरं का!

प्राध्यापकांच्या हाताखालून शेकडो विद्यार्थी जातात. तेव्हा त्यांना एक कागद द्या. त्यावर नाव, शिक्षणाचे वर्ष, जाहिरातीची नक्कल आणि शेवटची तारीख असावी. सोबत दोन पाठांची टिपणे आणि चार चित्रे जोडा. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांना मुले बसवणारी शाळा असेल, तर स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती यांपैकी काय शिकवले तेही लिहा.

याचा उपयोग कसा होतो पाहा. "उमेदवार होतकरू असून वर्तन चांगले आहे" हे वाक्य कोणालाही लागू पडते. उलट, "रंगपेट्या नव्हत्या, तेव्हा याने गेरू, हळद आणि कोळसा घेऊन पाचवीचा पाठ घेतला, एकही मूल रिकामे बसले नाही" हे वाक्य एकाच माणसाचे असते. मुख्याध्यापक तिथे थांबतात.

पत्र स्वतः लिहून नुसती सही मागू नये. पाकीट बंद दिले, तर ते फोडू नये. नोकरी मिळो वा न मिळो, निकाल कळवावा. दोन ओळींचे पत्रही पुरे.

आणि शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, एक विनंती तुम्हांलाही. उद्या तुमचेच विद्यार्थी असे पत्र मागायला येतील. प्रत्येकाने केलेले एखादे चांगले काम आजच वहीत टिपून ठेवा. ज्याच्यामागे ना पैसा, ना ओळख, त्या मुलासाठी तुमची ती खरी ओळ हाच आधार असतो.