डोळे रंगवण्याआधी क्लिअर का मारायचा?

एअरब्रश कुठला घ्यावा, दाब किती ठेवावा, हे प्रश्न सारखे येतात, पण त्यांची उत्तरं सोपी आहेत. ०.३ मिलिमीटर नोझलचा डबल-अ‍ॅक्शन एअरब्रश, टाकी असलेला छोटा कॉम्प्रेसर, १५ ते २० पीएसआय दाब आणि दुधाइतका पातळ केलेला रंग. सुरुवातीला एवढं पुरतं. आज मला बोलायचंय ते क्लिअर कोटबद्दल. मॉडेल बिघडतं ते बहुतेक वेळा इथे.

क्लिअर म्हणजे शेवटी मारायचं वॉर्निश, असं बहुतेकांना वाटतं. मी त्याला दोन थरांमधली भिंत म्हणतो. आपल्याकडे तीन जातींचे रंग येतात: लॅकर, अ‍ॅक्रिलिक आणि एनॅमल. प्रत्येकाचा थिनर वेगळा आणि त्याची ताकदही वेगळी. लॅकरचा थिनर सगळ्यात जहाल, तो खालचा जवळपास कुठलाही रंग विरघळवतो. एनॅमलचा थिनर त्या मानाने गरीब, पूर्ण वाळलेल्या लॅकरला तो हात लावत नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

आता डोळ्यांचं उदाहरण घेऊ. जपानी रेझिन किटमधला चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा असतो, आणि त्यावर बुबुळं, पापण्या, भुवया सगळं हाताने काढायचं. पहिल्या फटक्यात जमत नाही, कुणालाच नाही. म्हणून त्वचेचा रंग लॅकरने मारायचा, त्यावर लॅकरचाच ग्लॉस किंवा सेमी-ग्लॉस क्लिअर, आणि तो पक्का वाळला की डोळे एनॅमलने काढायचे. डावा डोळा वर गेला? एनॅमल थिनरमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसून टाका. खालची त्वचा जशीच्या तशी राहते. दहा वेळा पुसा, अकराव्यांदा काढा. जुळला की त्यावर पुन्हा क्लिअर, म्हणजे तो डोळा कुलूपबंद. मग पापणी. क्लिअर नसेल तर प्रत्येक चूक थेट त्वचेवर डाग पाडते, आणि अख्खा चेहरा पुन्हा रंगवावा लागतो.

पण कुलूप लावताना जपून. वरचा क्लिअर लॅकरचा असेल तर तो एनॅमलचे डोळे विरघळवू शकतो. म्हणून पहिले दोन-तीन हात नुसत्या धुक्यासारखे, जवळजवळ कोरडे मारायचे, मध्ये वाळू द्यायचं, आणि मगच ओला थर. ज्यांना धाकधूक वाटते त्यांनी इथे पाण्यावर आधारित अ‍ॅक्रिलिक क्लिअर वापरावा. थोडा कमी टणक, पण रात्री झोप लागते.

गुंडम किट करणाऱ्यांसाठी हेच गणित वेगळ्या कारणाने लागू आहे. खाचांमध्ये काळी रेघ सोडण्याआधी ग्लॉस क्लिअर मारा. गुळगुळीत पृष्ठभागावर पातळ एनॅमल खाचेतून आपोआप धावतं, खरखरीत मॅटवर ते शाईसारखं पसरतं. डिकल्सचंही तसंच, मॅटवर लावलं की खाली हवा अडकते आणि कडेला चंदेरी झाक दिसते. एक इशारा मात्र हवा: न रंगवलेल्या प्लास्टिकवर, विशेषतः एबीएसच्या ताणाखालच्या सांध्यांवर, एनॅमल थिनर साचू देऊ नका. सांधा तडकतो.

मग येतो मॅट, आणि मॅटबरोबर आपलं हवामान. मॅट क्लिअरमध्ये सिलिकासारखी बारीक पूड असते. ती पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत करते, प्रकाश विखुरतो आणि चमक जाते. पण सॉल्व्हंट उडताना उष्णता घेऊन जातो, हाताला लावलेलं स्पिरिट गार लागतं तसं. पृष्ठभाग थंड झाला की फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला फुटतो तसा त्याला घाम फुटतो, आणि तो ओलावा थरात अडकून रंग पांढुरका पडतो. महिनाभराचं काम पाच मिनिटांत पिठात लोळवल्यासारखं दिसतं. मुंबई, रत्नागिरी, कोलकाता, चेन्नई इथल्या मंडळींना हे चांगलंच ठाऊक असेल. बाहेर पाऊस थांबलाय का, हे बघून उपयोग नाही, खोलीतली आर्द्रता बघा. छोटं डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. ७० टक्क्यांच्या वर मी मॅट मारत नाही, डिलिव्हरी थांबली तरी चालेल. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टरही हवाच, नाहीतर नळीत साठलेला थेंब नेमका चेहऱ्यावर उडतो.

इंदूर, नागपूर, हैदराबादच्या उन्हाळ्यात रोग उलटा. थेंब हवेतच वाळतात आणि पृष्ठभाग सँडपेपरसारखा लागतो. तिथे थिनरमध्ये थोडा रिटार्डर घाला आणि एअरब्रश जरा जवळ आणा.

पांढरं पडलंच तर लगेच घासत बसू नका. कोरड्या दिवशी ग्लॉस क्लिअरचा पातळ ओला थर मारा, बऱ्याचदा धुकं विरतं. मग पुन्हा मॅट. थर फार जाड झाला असेल तर मात्र हा उपाय चालत नाही.

मास्कबद्दल मी हट्टी आहे. कापडी मास्क किंवा एन-९५ रंगाचे कण अडवतो, लॅकरची वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफेसाठीची कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर घ्या, खिडकीकडे ओढणारा पंखा लावा, आणि शेजारी गॅस पेटलेला नको. खर्च वाटत असेल तर एअरब्रश स्वस्तातला घ्या, रेस्पिरेटर नको.

मॅट वाळल्यावर दोन कामं उरतात. तलवार, चिलखत असे धातूच्या रंगाचे भाग मॅटच्या आधीच झाकलेले असतील तर आता टेप काढा, कारण मॅटखाली धातूची चमक मरते. आणि डोळ्यांवर बारीक ब्रशने ग्लॉसचा एकेक थेंब सोडा. तो वाळेपर्यंत चेहरा आडवा ठेवा.