स्मार्ट घर : संशोधनाने काय दाखवले?

संवेदकांच्या, म्हणजे हालचाल, तापमान व प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरच्या, नोंदींवरून उपकरणे चालवणाऱ्या घराने रहिवाशांच्या सवयीही आपणहून शिकाव्यात, ही स्मार्ट घरांच्या संशोधनाची जुनी आकांक्षा आहे. तिचा सर्वांत धाडसी प्रयोग १९९०च्या दशकात कोलोरॅडो विद्यापीठाचे मायकेल मोझर यांनी बोल्डर येथील स्वतःच्या राहत्या घरात केला. दिवे, हीटर आणि गरम पाणी यांचे नियंत्रण त्यांनी न्यूरल नेटवर्ककडे, म्हणजे अनुभवातून स्वतःत सुधारणा करणाऱ्या गणिती रचनेकडे, सोपवले. ऊर्जेचा खर्च आणि रहिवाशाची गैरसोय दोन्ही पैशांत मोजून त्यांची बेरीज कमीत कमी ठेवणे हे तिचे काम होते. ती अधूनमधून दिवा मंद ठेवून पाही, कोणी बटण दाबले नाही तर तेवढा उजेड पुरतो असे शिके आणि दाबले तर ती गैरसोय खर्चाच्या बाजूला मांडे.

वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात डायन कुक यांच्या गटाने पुढे कॅमेऱ्याऐवजी साध्या संवेदकांच्या नोंदींतून झोप, स्वयंपाक यांसारखे दिनक्रम ओळखण्याच्या पद्धती विकसित केल्या. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची काळजी घेण्यासाठी त्या विशेष मोलाच्या आहेत. मात्र घरात अनेक माणसे असली, की कोणत्या संवेदकासमोरून कोण गेले हे ठरवणे अवघड होते. एकत्र कुटुंबात ही अडचण किती वाढेल, हे सांगायला नको.

हेच दिनक्रम बाहेरच्यालाही वाचता येतात का, याचा शोध प्रिन्स्टन विद्यापीठातील नोआ ॲपथॉर्प व सहकाऱ्यांनी २०१७च्या सुमारास घेतला. उपकरणांचे संदेश सांकेतिक रूपात असल्याने त्यांतील मजकूर वाचता येत नसला, तरी ते केव्हा आणि किती प्रमाणात बाहेर जातात एवढ्यावरूनही, उदाहरणार्थ निद्रामापक यंत्राच्या बाबतीत, माणूस केव्हा झोपला व केव्हा उठला याचा अंदाज बांधता आला. खासगीपणाच्या दृष्टीने हा निष्कर्ष जाहिरातींतील सर्व आश्वासनांपेक्षा महत्त्वाचा मानावा लागेल.

ऊर्जाबचतीच्या दाव्याचीही स्थिती फारशी वेगळी नाही. टॉम हारग्रीव्ह्ज, चार्ली विल्सन आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील १० कुटुंबांचा नऊ महिने अभ्यास करून २०१८ साली नोंदवले, की ही उपकरणे वापरायला शिकणे वेळखाऊ आहे, मोठ्या बचतीचा पुरावा तोकडा आहे आणि उलट ऊर्जेचा वापर वाढण्याचाही धोका आहे. अभ्यास लहान असला, तरी केवळ वीजबिल कमी होईल या आशेने अशी उपकरणे घेणाऱ्याने तो विचारात घ्यावा.