सोयाबीनच्या दुधाचा चोथा फेकू नका



आपल्या नागपूर जिल्ह्यात सोयाबीन काही नवे राहिले नाही. बहुतेक पोती बाजारात जातात, पण आता काही घरी त्याचे दूधही काढतात. ही चांगली गोष्ट. मात्र दूध गाळल्यावर फडक्यात जो चोथा उरतो, तो सरळ उकिरड्यावर जातो. तो खाण्याचा माल आहे.

सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिने आणि २० टक्के तेल असते. कितीही घट्ट पिळले तरी प्रथिनांचा चांगला हिस्सा चोथ्यात राहतोच. एक किलो दाण्यापासून किलोभर किंवा थोडा जास्तच ओला चोथा निघतो. जपानमध्ये याला ‘ओकारा’ म्हणतात व भाज्या घालून त्याची कोरडी भाजी करतात.

एक गोष्ट आधी पक्की लक्षात ठेवा. भिजवलेले दाणे कच्चेच वाटून गाळले असतील, तर चोथाही कच्चाच असतो. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन अडवणारे घटक असतात. त्याने पोट बिघडते. म्हणून चोथा डब्यात घालून कुकरमध्ये शिटी झाल्यावर मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे शिजवा. आणि पेरणीतून उरलेले, औषध चोळलेले बियाणे धुऊनसुद्धा दुधासाठी घेऊ नका. ते विष आहे. जनावरालाही देऊ नका.

आता करायचे काय? सर्वांत सोपे म्हणजे थालीपीठ. चार वाट्या पिठाला एक वाटी शिजवलेला चोथा, कांदा, तिखट, मीठ, भरपूर सांबार. चोथा ओला असतो, तेव्हा पाणी बेतानेच घाला. वडे करायचे तर भिजवलेली हरभऱ्याची डाळ जाडसर वाटून त्यात मिसळा. नुसत्या चोथ्याचे वडे तेलात फुटतात. चुनातही थोडा चोथा परतून घालता येतो, मुलांना कळतही नाही. पोळीच्या कणकेत मात्र जास्त घालू नका. आमच्या घरी हा प्रयोग फसला, पोळ्या लाटतानाच फाटल्या.

चोथा फार लवकर आंबतो. मे महिन्यात तर सकाळचा चोथा दुपारीच वास मारू लागतो. त्याच दिवशी संपवा. फ्रीज असल्यास दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवा. जास्त असेल तर शिजवून कढईत मोकळा होईपर्यंत परता, मग कडक उन्हात पातळ पसरून खडखडीत वाळवा. दळून हवाबंद डब्यात ठेवा व महिनाभरात वापरा. त्यात तेल असल्याने पुढे खवट होतो. पावसाळ्यात वाळवण्याच्या भानगडीत पडू नका, बुरशी येते.

उरलेला ताजा, शिजवलेला चोथा गाई-म्हशीला ढेपेसोबत द्या. सुरुवात मूठ-दोन मुठींनी करा. युरिया प्रक्रिया केलेला चारा चालू असेल, तर कच्चे सोयाबीन किंवा कच्चा चोथा अजिबात देऊ नका. त्यातल्या युरिएजमुळे युरियाचा अमोनिया झपाट्याने सुटतो आणि जनावराला विषबाधा होऊ शकते.

आंबलेला चोथा खताच्या खड्ड्यात पातळ थर करून टाका व वरून माती ओढा. तसाच उघडा ठेवला की माशा आणि अळ्या आल्याच.