घामाला तेल समजू नका : चेहऱ्याच्या त्वचेचे प्रकार

चेन्नईत मे महिन्यात घराबाहेर पडताच चेहरा चमकू लागतो. समुद्रकाठच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही आणि आपली त्वचा तेलकट आहे, असा अनेकांचा समज होतो. मग दिवसातून चार-पाच वेळा साबणाने चेहरा धुतला जातो. त्यामुळे मुळात कोरडी असलेली त्वचा अधिकच कोरडी होऊन तिची आग होऊ लागते.

घाम आणि तेल वेगवेगळ्या ग्रंथींतून स्रवतात. तैलग्रंथी कपाळ, नाक व हनुवटीवर अधिक असतात; म्हणून मधला भाग तेलकट आणि गाल कोरडे, अशी मिश्र त्वचा पुष्कळांची असते. सौंदर्योपचारात सामान्य, कोरडी, तेलकट, मिश्र व संवेदनशील असे पाच प्रकार मानले जातात. सौम्य फेसवॉशने चेहरा धुऊन, काहीही न लावता तासभर सावलीत, घाम येणार नाही अशा जागी बसावे. त्वचा ताणल्यासारखी वाटली तर ती कोरडी. टिपकागदावर तेलाचा डाग उमटला तर तेलकट.

मात्र एवढ्यावर भागत नाही. हार्वर्डचे त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये, त्वचा उन्हाने भाजते की रापते, यावर आधारित वर्गीकरण मांडले. त्यात आज सहा प्रकार आहेत. बहुतेक भारतीयांची त्वचा चौथ्या वा पाचव्या प्रकारात मोडते. अशा त्वचेत साधी पुटकुळी फोडली तरी काळा डाग राहतो. गोऱ्या त्वचेसाठी ठरवलेल्या तीव्रतेचे रासायनिक पील किंवा लेझर वापरल्यास असे डाग महिनोन्‌महिने टिकू शकतात. पार्लरमध्ये ‘तेलकट की कोरडी?’ एवढेच विचारून पील सुरू होत असेल, तर थांबवलेले बरे.

संवेदनशील त्वचाही नेहमी जन्मजात नसते. गोरेपणाच्या आग्रहाविरुद्ध ‘डार्क इज ब्युटिफुल’ ही मोहीम २००९ मध्ये चेन्नईतूनच सुरू झाली. याच आग्रहापायी स्टेरॉइडयुक्त क्रीम महिनोन्‌महिने चेहऱ्याला लावले जाते. त्वचा पातळ व लाल होते, मुरुमे येतात. क्रीम बंद करताच आग वाढते आणि पुन्हा तेच लावले जाते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली. ती वापरत असलेल्यांनी फेशियल करून घेण्यापूर्वी त्वचारोगतज्ज्ञांना भेटावे आणि ती ट्यूब सोबत न्यावी.