सतरा मिनिटांची खोली

पॅरिसमध्ये स्वस्त हॉटेल शोधायचं तर गार द्यू नोर स्टेशनाभोवतीच्या गल्ल्यांत जावं. स्टेशन भव्य, १८६४ सालचं. दर्शनी भागावर उभे असलेले पुतळे म्हणजे या रेल्वेने जोडलेली शहरं. लंडनची, ब्रुसेल्सची गाडी इथेच लागते. आजूबाजूच्या गल्ल्यांत मात्र दारावर एखाददुसरा तारा मिरवणारी चिंचोळी हॉटेलं ओळीने उभी आहेत. मी उतरले ते त्यांतलंच एक. लिफ्ट जिन्याच्या पोकळीत मागाहून बसवलेली, त्यामुळे तिच्यात एक माणूस आणि एक बॅग, एवढंच मावतं. जिन्यातला दिवा बटण दाबल्यावर लागतो आणि तिसरा मजला येईपर्यंत आपोआप विझतो.

अशा खोलीत शिरल्यावर आधी वर बघावं. माझ्या खोलीच्या छताला प्लॅस्टरची नक्षीदार पट्टी होती. तीन बाजूंनी फिरून ती चौथ्या भिंतीत घुसून नाहीशी झाली होती. उरलेली नक्षी शेजाऱ्याकडे. कधीकाळच्या प्रशस्त दिवाणखान्याचे तुकडे करून या खोल्या काढल्या आहेत, आणि म्हणूनच शेजारच्याचा खोकलाही ऐकू येतो. फ्रान्सच्या वर्गवारीप्रमाणे एक ताऱ्याच्या हॉटेलात दोघांची खोली किमान ९ चौरस मीटर, म्हणजे साधारण ९७ चौरस फूट असावी लागते. पलंग त्यातला बराचसा भाग खातो. एका कोपऱ्यात बाथरूमची प्लॅस्टिकची केबिन उभी केलेली असते.

ही हॉटेलं केवळ पर्यटकांची कधीच नव्हती. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्याच क्रूझ भागातून पॅरिस बांधायला आलेले गवंडी भाड्याच्या अशाच खोल्यांत दाटीवाटीने राहायचे. पुढे अल्जीरियाहून आलेले कामगार राहिले. आजही ११५ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करणाऱ्या बेघर कुटुंबांना स्वस्त हॉटेलांत खोल्या दिल्या जातात.

पण मला सांगायचं आहे ते खोली आवरणाऱ्या बाईंविषयी. त्या मूळच्या मालीच्या, वय पन्नाशीच्या आसपास. तुमचं काम बघत बसू का, असं मोडक्या फ्रेंचमध्ये विचारलं, तर त्यांनी खिडकीजवळची खुर्ची दाखवली.

सगळ्यांत आधी खिडकी उघडली. मग बाथरूममध्ये जाऊन नळावर, बेसिनवर, शॉवरच्या काचेवर औषध फवारलं आणि ते तसंच सोडून बाहेर आल्या. पॅरिसचं पाणी जड आहे, त्यातला चुना नळावर पांढरा थर धरतो. आम्ल त्यावर मुरलं की घासायला कमी जोर लागतो. ते मुरेपर्यंत पलंग. चादर आतल्या बाजूला गुंडाळत काढली, म्हणजे केस आणि धूळ तिच्यातच राहते. गादीचा कोपरा उचलून शिवणीवरून बोट फिरवलं. ढेकणांचे काळे ठिपके तिथे दिसतात. २०२३ च्या शरद ऋतूत पॅरिसमध्ये ढेकणांचा केवढा गाजावाजा झाला होता. ही तपासणी मात्र खोली आवरणाऱ्या बाया रोज, न बोलता करतात.

पलंगाची एक बाजू भिंतीला टेकलेली. प्रत्येक वेळी तो ओढायचा, पलीकडची चादर गादीखाली खोचायची, पुन्हा गुडघ्याने ढकलायचा. कंबर जाते ती इथे, असं त्यांनी हाताने दाखवलं. नंतर बाथरूम, आरसा, कचरा, आणि शेवटी दाराकडे मागे मागे सरकत फरशी. पाहुणा राहत असलेल्या खोलीला त्या ‘रकूश’ म्हणतात, सोडून गेलेल्या खोलीला ‘आ ब्लां’. रकूश लवकर उरकते, आ ब्लांमध्ये सगळंच नव्याने करायचं. सकाळी हातात पडणाऱ्या यादीत कुठल्या किती, यावर त्यांचा दिवस ठरतो.

वेळेचं हे गणित फ्रान्सभर गाजलं ते एका संपामुळे. पॅरिसच्या बातिन्योल भागातल्या सुमारे ७०० खोल्यांच्या ईबीस हॉटेलात कंत्राटदाराकडून नेमलेल्या सफाई कामगारांनी जुलै २०१९ मध्ये काम थांबवलं. वीसेक जणी, बहुतेक आफ्रिकी देशांतून आलेल्या. तासाला साडेतीन खोल्या, म्हणजे एका खोलीला जेमतेम सतरा मिनिटं, हा त्यांचा मुख्य सल होता. बावीस महिने ही लढाई चालली. मधे कोविडने हॉटेलंच ओस पाडली. मे २०२१ मध्ये समझोता झाला: पगार वाढला, जेवणभत्ता मिळाला, तासाला तीन खोल्या ठरल्या. कंत्राटदाराऐवजी हॉटेलने थेट नोकरीत घ्यावं, ही मागणी मात्र मान्य झाली नाही. त्यांच्यातल्या आयव्हरी कोस्टहून आलेल्या राशेल केके जून २०२२ मध्ये माजी क्रीडामंत्र्यांना हरवून राष्ट्रीय सभेत निवडून गेल्या.

साडेतीनावरून तीन म्हणजे खोलीमागे तीन मिनिटांची भर. कागदावर ती क्षुल्लक वाटतात. पण पलंग ओढून पलीकडची चादर नीट खोचायची की तशीच दडपायची, हे त्या तीन मिनिटांत ठरतं हे मी डोळ्यांनी पाहिलं. विटका गालिचा, हलणारा नळ, पातळ भिंती हे मालकाने न केलेल्या खर्चाचे दोष आहेत. त्या खोलीत जे स्वच्छ होतं, ते या बाईंनी केलेलं होतं. हॉटेलाला नावं ठेवताना पाहुणे या दोन गोष्टींची सरमिसळ करतात, आणि बोलणी नेमकी खोली आवरणाऱ्या बायांना खावी लागतात.

तेव्हा अशा हॉटेलात उतरलात, तर निघताना ओले टॉवेल एका जागी ठेवा, शॉवरच्या जाळीतले केस उचला आणि जमलं तर ठरल्या वेळेच्या थोडं आधी किल्ली द्या. बक्षिशी काउंटरवर ठेवू नका, खोली आवरणाऱ्या बाईंच्या हातात द्या. आणि तक्रार लिहायचीच असेल, तर ती मालकाच्या नावे लिहा.