नाव कुणाचं, कमाई कुणाची?

मैत्रिणींनो, घरात कॉलेजात जाणारं पोर असेल, तर कानावर मोठाले हेडफोन चढवून, मान हलवत, तोंडातल्या तोंडात भराभरा काहीतरी पुटपुटणारी स्वारी तुमच्या ओळखीची असेलच. ते पुटपुटणं म्हणजे रॅप. २०१९ मध्ये ‘गली बॉय’ सिनेमा आला आणि धारावीतली पोरंही हे करतात, ते आपल्याला कळलं. ताल धरायचा आणि शब्दांची सरबत्ती करायची. खरं सांगते, मला ही गाणी झेपत नाहीत, त्यातल्या शिव्या तर अजिबातच नाहीत. पण ती गाणाऱ्यांनी पैशाचा व्यवहार कसा केला, ते वाचायला लागले आणि त्यातच गुंतले.

रॅपचा जन्म १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या गरीब, कृष्णवर्णीय वस्त्यांमधला. १९८६ मध्ये तिथल्याच ‘रन-डीएमसी’ या तिघांनी आपल्या आवडत्या अदिदास बुटांवर गाणं केलं. कंपनीनं सांगितलेलं नव्हतं, हौसेनंच केलं. एका कार्यक्रमात त्यांनी सांगताच पोरांनी पायातले बूट काढून हवेत धरले. कंपनीचा माणूस तिथंच बसून बघत होता! मग करार झाला, दहा लाख डॉलरच्या घरातला. तेव्हा ते केवढं मोठं वाटलं असेल. पण कंपनी होती ज्यांची त्यांचीच राहिली.

पुढच्या पिढीनं इथं डोकं चालवलं. जे-झी म्हणजे शॉन कार्टर, जन्म १९६९ चा, ब्रुकलिनमधल्या सरकारी वसाहतीत वाढलेला. वडील घर सोडून गेले, आईनं चार मुलं वाढवली. तरुणपणी त्यानं अमली पदार्थ विकले, ते तो लपवतही नाही. गाण्याच्या कंपन्यांनी दारात उभं केलं नाही, म्हणून दोन मित्रांना घेऊन स्वतःची कंपनी काढली आणि गाडीच्या डिकीतून माल विकला. पुढं नाव झाल्यावर तो एका इटालियन कंपनीचे कपडे घालायचा, गाण्यात त्यांचा उल्लेख करायचा. चाहते तेच कपडे घ्यायला लागले. तेव्हा ही मंडळी त्या कंपनीकडे भागीदारी मागायला गेली. कंपनी म्हणाली, फुकट कपडे देतो! झालं. १९९९ मध्ये त्यांनी ‘रॉकावेअर’ नावाचे आपलेच कपडे बाजारात आणले. २००७ मध्ये त्या नावाचे हक्क विकले गेले, ते २० कोटी ४० लाख डॉलरना. नुसत्या नावाचे, बरं का.

आमच्या बचत गटात हे सांगितलं, तर एक ताई पटकन म्हणाल्या, ‘म्हणजे मसाला आपण कुटायचा आणि पाकिटावर शिक्का व्यापाऱ्याचा, तसंच की!’ अगदी तसंच.

फिफ्टी सेंटची तऱ्हा आणखी वेगळी. हा आठ वर्षांचा असताना आई गेली, आजीनं सांभाळलं. २००० मध्ये त्याला नऊ गोळ्या लागल्या, तरी वाचला. २००३ च्या अल्बमनं एका रात्रीत प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी ‘व्हिटॅमिनवॉटर’ या बाटलीबंद पेयाच्या जाहिरातीसाठी त्याच्याशी बोलणी झाली. रोख मानधन घेऊन मोकळं होण्याऐवजी त्यानं कंपनीत हिस्सा घेतला. २००७ मध्ये कोका-कोलानं ती कंपनी ४१० कोटी डॉलरना विकत घेतली. आता हिशेब तुम्हीच करा.

पण याच माणसानं एका बाईची खासगी चित्रफीत तिच्या परवानगीशिवाय सगळ्या जगाला दाखवली. २०१५ मध्ये कोर्टात तिची भरपाई ठरत असतानाच यानं दिवाळखोरीचा अर्ज केला. ज्युरीनं तिला सत्तर लाख डॉलर द्यायला सांगितले. असल्या माणसाच्या हुशारीचं कौतुक करताना माझी तरी जीभ अडखळते.

आणि ब्रँड मोठा झाला, की तो शिवतं कोण? पफ डॅडी म्हणजे शॉन कोम्ब्स. (२०२५ मध्ये न्यायालयानं दोषी ठरवून तुरुंगात धाडलं, तोच.) त्यानं १९९८ मध्ये ‘शॉन जॉन’ हे कपडे आणले. २००३ मध्ये कामगारांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका अमेरिकन संघटनेनं अहवाल काढला. हे कपडे मध्य अमेरिकेतल्या होंडुरास या गरीब देशातल्या एका कारखान्यात शिवले जात होते. कामगारांना सक्तीचा ओव्हरटाइम, तुटपुंजी मजुरी. बाथरूमला कुलूप, जायचं तर परवानगी काढायची. अंगझडती. आणि बायकांची सक्तीनं गरोदरपणाची तपासणी. ते वाचून मी पेपर खाली ठेवला आणि जरा वेळ नुसतीच बसून राहिले.

असे कारखाने तिकडे पुष्कळ होते. त्यांच्या मालकांची नावं कुणाला माहीत असणार? पण इथं शर्टावर गायकाचं नाव होतं, त्यामुळं पत्रकारांनी थेट त्यालाच गाठलं. मला ठाऊक नव्हतं, चौकशी करतो, असं त्याला जाहीरपणे म्हणावं लागलं. फेब्रुवारी २००४ मध्ये त्याच संघटनेनं कळवलं, की सगळ्यात जाच करणाऱ्या सुपरवायझरना काढून टाकलंय, पाणी शुद्ध करायची यंत्रणा बसवलीय आणि कामगारांना आपली युनियन काढता आलीय.